पोलिसांच्या पाकिटातला प्रसाद

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास उषाबाई पलंगावर पसरलेल्या साडीला टिकल्या चिकटवत होत्या. एवढ्यात त्यांची नणंद शोभाआक्का उन्हातून आल्या, दारात चपला काढल्या आणि पदरानं घाम टिपत समाधानानं म्हणाल्या, "वाटी वनू वं. तिन्ही घरं व्हयनात."

आक्का अमळनेरकडच्या गावाहून परवाच सुरतेला भावाकडे आल्या होत्या. येताना त्यांनी मनुदेवीचा प्रसाद आणला होता. फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, खडीसाखर आणि कुंकवाची पुडी. नवागामातल्या त्या गल्लीत खानदेशातली म्हणावीत अशी जवळची तीन घरं, त्यांना तो द्यायचा असं सकाळीच ठरलं होतं. देवीचा प्रसाद उघडा कसा न्यायचा, म्हणून आक्कांनी फ्रिजवर पडलेली तीन पाकिटं घेतली, त्यांत तो भरला आणि वाटून आल्या.

"कोणती पाकिटं?" उषाबाईंनी विचारलं.

"जुनीच व्हती, पिवळी पडेल. म्हंत, कोरी कसाले वाया घालवानी?"

उषाबाईंच्या बोटावरची टिकली साडीऐवजी त्यांच्याच मनगटाला चिकटली. ती पाकिटं त्यांच्या नवऱ्याची, भटूआप्पांची होती. ती साधी पाकिटं नव्हती. ती पोलीस खात्याची होती.

भटूआप्पांनी बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये चौतीस वर्षं फोल्डिंग खात्यात काढली होती. कापडाच्या गठ्ठ्यांत घालायला मिलमध्ये रद्दी यायची. एक दिवस त्या रद्दीत त्यांना पोलीस खात्याचं एक जुनं पाकीट सापडलं, आणि त्यावर त्यांच्या आजोळच्या गावाचं नाव होतं. वीस उंबऱ्यांचं ते गाव, एसटीच्या पाटीवरही ज्याला कधी जागा मिळाली नाही, ते कुणीतरी वळणदार अक्षरात, तालुक्या-जिल्ह्यासह लिहिलं होतं. आप्पा ते पाकीट डब्यात घालून घरी घेऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांना नाद लागला. त्यांचं म्हणणं असं, की नातेवाइकांची पत्रं मोठ्या गावांना जातात, पण पोलिसांचं टपाल कितीही लहान गावाला जातं. नकाशानं जे गाव टाकून दिलं, ते पोलिसांच्या पाकिटावर सापडतं. निवृत्त हवालदारांची घरं, रद्दीवाले, नदीकाठचा जुना बाजार असं करत करत त्यांच्याकडे चारशेच्या वर पाकिटं जमली होती. प्रत्येकावरचं गाव ते शोधून काढत, तिथल्या म्हाताऱ्यांना भेटून येत आणि वहीत लिहून ठेवत. कापडाच्या घड्या घालण्यात हयात गेल्यामुळे पाकिटावरची घडी पाहून ते सांगत, हे खिशातून गेलं, हे फेट्यातून गेलं आणि हे घोड्याच्या खोगिरातून.

हे सगळं ते रोज संध्याकाळी उषाबाईंना सांगत. उषाबाई टिकल्या चिकटवत, मधूनमधून हुंकार देत आणि मनात उद्याच्या भाजीचा विचार करत.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या नीलम तायडे म्हणून एक बाई शहराच्या ग्रंथालयात सुरत-खानदेशातल्या जुन्या गावांचं प्रदर्शन भरवणार होत्या. त्या पाच वाजता आप्पांची पाकिटं बघायला येणार होत्या. आप्पांनी आठ दिवस चारशे पाकिटं खालीवर करून त्यांतली तीन निवडली होती, फ्रिजवर ठेवली होती आणि त्यांना घालायला प्लॅस्टिकची कव्हरं आणायला ते चौकबाजारात गेले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी शिकलेलं माणूस त्यांच्या घरी ही पाकिटं बघायला येणार होतं. त्यासाठी त्यांनी कालच दाढी करून घेतली होती आणि आज पुन्हा केली होती.

आक्कांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. नणंद थोरली, पाहुणी, आणि शिवाय तिचा दोष तरी काय? शाळेच्या वयात ती शेतात गेली होती. पोलीस काय आणि पोस्ट काय, तिला कागद तो कागद. उषाबाईंनी फक्त विचारलं, की प्रसाद देताना तुम्ही काय बोललात? आक्का म्हणाल्या, बोलणार कोणाशी, भरदुपारी दारं बंद. एक गिरणीच्या शटरखालून आत सरकवलं, एक जाळीत खोचलं आणि तिसरं तेवढं हातात दिलं. उषाबाईंनी पायांत चपला घातल्या. येताना कोथिंबीर आण, असं आक्कांनी मागून सांगितलं.

पहिलं घर सुपडू चौधरींचं. घर म्हणजे खाली पिठाची गिरणी, वर बिऱ्हाड. उषाबाई वळणावर पोचल्या तेव्हा घणाचे आवाज येत होते. सुपडूभाऊ घामाघूम होऊन आपल्याच गिरणीच्या पायऱ्या फोडत होते. गल्लीत चार हात पुढे आलेल्या त्या तीन पायऱ्यांवरून दहा वर्षं भांडणं चालली होती आणि सुपडूभाऊ एक वीट मागे घ्यायला तयार नव्हते. आता दोन पायऱ्या जमीनदोस्त झाल्या होत्या. भाजीची हातगाडी प्रथमच न तिरकी होता सरळ निघून गेली आणि भाजीवाल्यानं वळून वळून पाहिलं.

उषाबाईंना बघून सुपडूभाऊ थांबले. जेवून शटर उघडलं तर आत पोलिसांची नोटीस पडलेली, असं त्यांनी दबल्या आवाजात सांगितलं. पाकीट त्यांनी उघडलं नव्हतं. ते जड होतं, हलवलं की आत खुळखुळत होतं आणि कोपऱ्यातून लाल काहीतरी झिरपलं होतं. वर दोनच शब्द त्यांना लागले होते, पोलीस आणि सचिन, म्हणजे सुरतेजवळचं ते कारखान्यांचं गाव.

"सचिनच्या पोलिसांना नवागामच्या पायऱ्यांचं काय पडलंय, तेच समजेना," ते म्हणाले. "पण म्हटलं, इतक्या लांबून नोटीस येते म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलेलं दिसतं."

उषाबाईंनी पाकीट हातात घेतलं. कडांनी पिवळा पडलेला निळसर जाड कागद, डाव्या कोपऱ्यात मुद्रा, मागं लाखेचा तुकडा. हे नोटीस नाही, प्रसाद आहे, एवढं सांगून त्या निघणार होत्या. पण सुपडूभाऊंचा विश्वास बसेना. प्रसादाला लाख कोण लावतं, असं ते म्हणाले आणि घण पुन्हा उचलू लागले. तेव्हा उषाबाईंना बोलावंच लागलं. सुरुवातीला शब्द अडखळले. मग आपोआप येऊ लागले, जसे रोज संध्याकाळी त्यांच्या कानांवर पडत तसेच. सचिनला कारखाने व्हायच्या कितीतरी आधी तिथं नवाब होता. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घराण्यातला. त्याचं संस्थान एवढंसं, पण पोलीस स्वतःचे, पाकीट स्वतःचं, मुद्रा स्वतःची. संस्थानं गेली, तेव्हा ही पाकिटं बिनकामाची झाली आणि लोकांनी त्यांत बी-बियाणं भरून ठेवलं.

सुपडूभाऊ घणावर हनुवटी टेकून ऐकत राहिले. गिरणीच्या पट्ट्यासाठी मी महिन्याला सचिनला जातो, ते म्हणाले, पण तिथं नवाब होता हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी पाकीट उघडून फुटाणे ओंजळीत घेतले, खडीसाखर कपाळाला लावली आणि उरलेल्या तिसऱ्या पायरीकडे बघत विचारलं, "मंग आते हिनं काय करू?"

"आता हात लागलाच आहे तर तीही काढून टाका, भाऊ," उषाबाई म्हणाल्या आणि रिकामं पाकीट पदराखाली घेऊन निघाल्या.

दुसरं घर टेम्पो चालवणाऱ्या योगराजचं. तिथं कुलूप होतं. योगराजची बायको जयश्री जाळीतलं पाकीट बघून इतकी घाबरली, की घर बंद करून ते तसंच घेऊन नवऱ्याकडे पर्वत पाटियाला, त्याच्या टेम्पोपाशी, गेली, असं शेजारणीनं सांगितलं. एक वाजून गेला होता. उषाबाई शेअर रिक्षात बसल्या. आपण कधी एकट्या पर्वत पाटियाला गेलेलो नाही, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं.

योगराज सापडायला वेळ लागला नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांनी अर्धवट भरलेला टेम्पो रस्त्याकडेला सोडून तो चहाच्या लारीवर, हातगाडीपुढच्या बाकड्यावर, बसला होता. शेजारी जयश्री डोळे पुसत होती आणि समोर एक टायपिस्ट, जो कोर्टाबाहेर बसून अर्ज टाईप करी आणि त्यामुळे स्वतःला निम्मा वकील समजे. त्यानं पाकिटाचा शिक्का चष्मा वर करून वाचला होता. पाकीट जिल्हा पोलीस अधीक्षक, पश्चिम खानदेश, धुळे यांच्या कचेरीतून निघालं होतं, साल एकोणीसशे त्रेचाळीस. जुनी केस उघडली आहे, असं त्याचं मत पडलं होतं. पाकीट फोडू नका, फोडलं की तुम्ही ते स्वीकारलं असं होतं, असंही त्यानं बजावलं होतं.

"काकू, त्रेचाळीस साली मना बाप बी जल्मेल नव्हता," योगराज म्हणाला. "हाई आजोबानं शे."

आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते, त्यांनी गावाजवळची तार तोडली होती, असं घरात बोललं जाई. पण पुरावा काही नव्हता, त्यामुळे भाऊबंद हसत. आता योगराजच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीपेक्षा जास्त काहीतरी होतं. जमानत किती लागेल, हे विचारता विचारता त्यानं टायपिस्टला दोनदा विचारलं होतं, की तार तोडली हे त्यात लिहिलेलं असेल ना?

उषाबाईंनी त्याला खरं ते सांगितलं. आत मनुदेवीचा प्रसाद आहे. योगराजनं पाकीट उघडलं, खोबऱ्याचा तुकडा हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. जयश्री रडता रडता हसली, पण तो नाही. ते बघून उषाबाईंना राहवेना. त्यांनी त्याच्याजवळ बाकड्यावर बसून घेतलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुझे काका सांगतात, बेचाळीस-त्रेचाळीसची धुळ्याची पाकिटं त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त आहेत. एरवी वर्षाला जेवढं टपाल जायचं तेवढं तेव्हा महिन्याला जात होतं. कागद पुरेना म्हणून पाकिटं उलटी करून परत वापरली. हे बघ, हेही उलटं केलेलं आहे, आतल्या बाजूला जुना पत्ता आहे. का बरं पुरत नव्हता कागद? तार तोडणारे तेवढे होते म्हणून. तुझ्या आजोबाचं नाव यावर नाही. पण हा कागद पुरला नाही, त्यात त्यांचाही हात असेल."

योगराजनं पाकीट आत-बाहेर करून पाहिलं. टायपिस्टनंही पाहिलं. मग योगराज उठला, रिकामं पाकीट उषाबाईंच्या हातात दिलं, गठ्ठे तसेच राहू दिले आणि काकू, तुम्हाला मी टेम्पोतूनच सोडतो, म्हणाला. वाटेत तो आजोबांबद्दल बोलत राहिला, आणि ती सगळी पाकिटं मला एकदा बसून बघायची आहेत, असं त्यानं तीनदा सांगितलं.

तिसरं पाकीट नागनाथ बिऱ्हाडेंच्या हातात दिलेलं होतं, म्हणून उषाबाई निर्धास्त होत्या. नागनाथदादा उधन्याला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. घड्याळ बघून बोलणारे, शब्दाला पक्के. त्यांनी दार उघडलं, खुर्ची दिली, आणि प्रसाद मिळाला, ताटलीत काढून ठेवला आहे, असं सांगितलं.

"आणि पाकीट?"

"ते जमा केलं. छत्तीस वर्षं रेल्वेत होतो, वहिनी. डब्यात काही सापडलं की स्टेशनमास्तरकडे द्यायचं. त्यावर ‘सरकारी कामी’ असं छापलेलं, पत्ता पोलीस पटेलचा, म्हणजे कुठल्याशा गावच्या पोलीस पाटलाचा. चुकून आपल्याकडे आलेलं सरकारी टपाल घरात ठेवणं बरं नव्हे. चौकीवर नेऊन दिलं आणि पोच घेतली."

त्यांनी पोच दाखवली. उषाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. पहिली दोन पाकिटं आप्पांना प्रिय होती, पण हे तिसरं त्यांच्या जिवाचा तुकडा होतं. नागनाथदादांना सगळं कळलं तेव्हा ते इतके ओशाळले, की शर्ट बदलून तेही निघाले. पण चौकीत बोलायचं काम आपणच करायचं, हे उषाबाईंनी पायरीवरच ठरवलं.

चौकीत हितेशभाई म्हणून जमादार टेबलाशी बसले होते. पाकीट त्यांच्यापुढेच होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाकीट पाठवणारे पोलीस. ज्याला पाठवलं तो पोलीस पटेल. आता ते आहे पोलिसांकडे. "आमां तमारुं शुं छे, बेन?" यात तुमचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि खरोखरच त्यात उषाबाईंचं म्हणावं असं काही दिसत नव्हतं.

त्यांनी टेबलावरच्या पाकिटाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "पाकीट हातात धरा साहेब, आणि मी सांगते ते त्याच्यावर आहे का बघा."

आणि त्या बोलू लागल्या. थोडं मराठी, थोडं हिंदी, अडेल तिथं गुजराती. उजवा वरचा कोपरा करवतीसारखा फाटलेला आहे, कारण तिकीट ओलं न करता ओढून काढलंय. शिक्का सुरतेचा, सेहेचाळीस सालचा, महिना वाचता येत नाही. मधोमध दोन आडव्या घड्या आहेत, म्हणजे ते शिपायानं पट्ट्याच्या आत खोचून नेलं. पत्ता, पोलीस पटेल, मौजे करंजवाडी, तालुका चोर्यासी. आणि खाली तांबड्या शाईत एक ओळ आहे, ‘हरवलेल्या बैलजोडीबाबत’.

हितेशभाईंनी एकेक गोष्ट पडताळून पाहिली. मागचे दोन शिपाईही येऊन उभे राहिले.

उषाबाई थांबल्या नाहीत. हे करंजवाडी गाव आता कुठेच नाही, त्या म्हणाल्या. नकाशात नाही, तलाठ्याच्या दप्तरात नाही, पोस्टात नाही. माझे मालक सहा वर्षं ते शोधतायत. दर रविवारी सायकल काढतात, डिंडोली, भेस्तान, पांडेसरा, जिथं जुनं झाड दिसेल तिथं उतरतात आणि विचारतात. लोक हसतात. तरी ते विचारतात. कारण जिथं कुणाचे तरी बैल हरवले होते आणि सरकारनं त्याची दखल घेतली होती, ते गाव असं कसं नाहीसं होईल, असं ते म्हणतात. बोलता बोलता उषाबाई स्वतःच चकित झाल्या. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. आणि त्या माणसाबद्दल आपण असं बोलू शकतो, हेही.

शिपाई टेबलाजवळ सरकले. मग हितेशभाईंनी विचारलं, "बैल सापडले का?"

हे मात्र आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. जे कागदावर नाही ते आप्पा बोलत नसत. पण समोर तीन पोलीस आशेनं बघत होते आणि पावणेपाच व्हायला आले होते.

"सापडले," उषाबाई म्हणाल्या.

तिघांनाही बरं वाटलं. हितेशभाईंनी पाकीट कागदात नीट गुंडाळलं, सही घेतली, आणि मग जणू आता सुचल्यासारखं म्हणाले, "करंजवाडी? मारां नानी तो त्यांनां छे."

त्यांच्या आईची आई, जीवीबा, त्या गावची होती. नव्वदीला टेकलेली, पण बोलायला खणखणीत. उषाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हितेशभाई म्हणाले, उद्या रविवार, मालकांना घेऊन या, मी पत्ता देतो. मग घड्याळ बघून त्यांनी दोघांना पोलिसांच्याच गाडीत बसवलं.

त्यामुळे झालं असं, की पाच वाजता नीलमताई गल्लीत शिरल्या आणि भटूआप्पा रिकाम्या फ्रिजपाशी कव्हरं हातात घेऊन उभे होते, नेमक्या तेव्हाच दारात पोलिसांची गाडी थांबली. तिच्यातून आधी नागनाथदादा उतरले आणि मग उषाबाई. गल्ली बाहेर आली. शोभाआक्का दारात आल्या आणि भावाला म्हणाल्या, की कोथिंबीर आणायला गेली होती रे ती.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "ललितनी माय," ते एवढंच म्हणाले. ललित त्यांचा मुलगा, वापीला नोकरीला होता, आणि बायकोला ते कायम याच नावानं हाक मारत.

उषाबाईंनी पदराखालची तीन पाकिटं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि दुपारपासूनचं सगळं सांगितलं. आक्कांचं नाव घेतलं, पण असं, की आक्कांना त्यात आपलं कौतुकच वाटलं. आप्पांनी पाकिटं उजेडात धरली. सचिनच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग पडला होता. धुळ्याच्या पाकिटाला खोबऱ्याचं तेल लागलं होतं. आप्पांनी बराच वेळ पाहिलं, मग वही काढली, टोपण दातांत धरलं आणि विचारलं, सुपडूकडे किती वाजता पोचलं? योगराजकडे कोणी नेलं? जाळीत किती वेळ होतं? ते एकेक लिहून घेऊ लागले. ऐंशी वर्षांनी ही पाकिटं पुन्हा वाटपाला निघाली होती आणि त्याची नोंद व्हायला हवी, यात त्यांना काहीच विचित्र वाटत नव्हतं.

नीलमताईंना बसायला जागा नव्हती, कारण पलंगावर साडी होती आणि घरात गल्ली होती. त्यांनी पाकिटांबद्दल विचारायला तोंड उघडलं, तर सचिनच्या नवाबाबद्दल सुपडूभाऊंनीच सांगून टाकलं. धुळ्याचं उलटं केलेलं पाकीट योगराजनं आत-बाहेर करून दाखवलं, आणि कागद का पुरला नाही ते आवाज चढवून सांगितलं. नीलमताईंनी आप्पांकडे बघितलं. तुम्ही यांना शिकवलं का, असं विचारलं. आप्पा गोंधळले. गल्लीत त्यांचं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. सुपडूभाऊंनी उषाबाईंकडे बोट केलं.

"तू?" आप्पा म्हणाले. "तू ऐकत व्हती?"

"कान काय टिकल्या चिकटवतात का?" उषाबाई म्हणाल्या आणि चहाला आत गेल्या. मग एकदम आठवून परत आल्या आणि करंजवाडी सापडल्याचं त्यांनी सांगितलं. आप्पा पलंगावर, साडीवरच, बसले.

रविवारी सकाळी ती दोघं बमरोलीला गेली. मिलच्या भिंतींमध्ये अडकलेली जुन्या कौलारू घरांची एक ओळ अजून उभी होती, तिथल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर जीवीबा बसल्या होत्या. हितेशभाई साध्या कपड्यांत, हातात चहा घेऊन उभे होते. करंजवाडी कुठं होती, असं आप्पांनी वही उघडून विचारलं, तेव्हा म्हातारीनं समोरच्या मिलच्या धुराड्याकडे हात केला. तिथं आमचं फळियुं, आमची आळी, तिथं विहीर, आणि धुराडं आहे तिथं करंजाचं झाड.

आप्पा धुराड्याकडे बघत राहिले. ते त्यांच्याच मिलचं धुराडं होतं. सहा वर्षं ज्या गावासाठी ते सायकल दामटत होते, त्या गावात त्यांनी चौतीस वर्षं कापडाच्या घड्या घातल्या होत्या. दुपारी डबा खायला ते बसत ती जागा बहुधा विहिरीची होती. उषाबाईंना हसू आलं, पण नवऱ्याचे डोळे भरलेले बघून त्यांनी ते तोंडावर पदर धरून गिळलं.

मग हितेशभाईंनी बैलांचं विचारलं. चौकीत आपण काय ठोकून दिलं, ते उषाबाईंना आठवलं. पण जीवीबा खुदकन हसल्या. पोलीस पटेल म्हणजे त्यांचे वडीलच. आठ दिवस ते बैलजोडी शोधत गावोगाव हिंडले, पंचनामा लिहिला, सुरतेला कळवलं. आणि बैल होते त्यांच्याच गोठ्यात. वैरण चांगली म्हणून ते आपल्या पायांनी येऊन मागच्या अंगाला उभे राहिले होते. घरच्या बायकांना माहीत होतं, पण वडील कामात इतके गढलेले, की त्यांना सांगायची कुणाची छाती होईना. वरून पाकीट आलं, तेव्हा कुठे आईनं त्यांना हात धरून गोठ्यात नेलं.

"ते पाकीट?" जीवीबांनी विचारलं.

आप्पांनी कव्हरातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. जीवीबांना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, फाटका कोपरा चाचपला, आणि ते पोलक्याच्या आत ठेवून दिलं. परत द्यायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. हितेशभाई पुढे झाले, पण आप्पांनी मानेनंच नको म्हटलं.

रिक्षात उषाबाईंनी विचारलं, की आता प्रदर्शनात काय ठेवणार? आप्पा म्हणाले, "तुले ठेवसू."

त्यांनी ते गमतीनं म्हटलं, पण नीलमताईंनी मनावर घेतलं. ग्रंथालयात पहिल्या दोन काचांमागे सचिन आणि धुळ्याची पाकिटं होती, कुंकवाच्या डागासह. तिसरी काच रिकामी होती आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून उषाबाई बसल्या होत्या. दोन दिवस सगळी गर्दी त्या रिकाम्या काचेपुढेच होती. करंजाच्या झाडापासून सुरू करून त्या गोठ्यापर्यंत यायच्या, तोवर मागचे लोक पुढे सरकायचे आणि पुढचे हलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भटूआप्पा कडेला उभे होते. शिक्क्याच्या सालाबद्दल काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटलं, म्हणून ते हळूच मध्ये बोलले. पुढं बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं मागं वळून त्यांना नम्रपणे गप्प राहायला सांगितलं.

"काका, जरा थांबा ना. त्यांना माहितीय त्यातलं."

आप्पांनी लगेच हात जोडले, एक खुर्ची ओढली आणि त्या मुलीच्या शेजारी बसून ऐकू लागले.